कुडाचे घर आणि कारवीचा हक्क : नाणेघाटाच्या पायथ्याचा एक न लिहिलेला इतिहास

१)
कल्याणहून मुरबाड, टोकावडे मागे टाकीत माळशेजकडे निघालेला प्रवासी वैशाखऱ्यापाशी गाडीचा वेग कमी करतो. कारण एकच. नाणेघाटाची वाट इथून सुटते. गाडी रस्त्याकडेला उभी राहते, पाठीवर पिशव्या चढतात आणि मंडळी सातवाहनांना भेटायला डोंगराकडे वळतात. वर दगडी रांजण आहे, नागनिकेचा लेख असलेली लेणी आहे, भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हे आहेत. हे सारे पाहण्याजोगे आहेच. त्याबद्दल वाद नाही.

२)
पण वाटेवरच्या पाड्यातून जाताना डाव्या-उजव्या हाताला एखादा जुना गोठा दिसतो. त्याच्या भिंतीचा शेणमातीचा गिलावा जागोजागी सुटलेला असतो आणि आतून बोटाएवढ्या जाडीच्या काठ्यांची घट्ट रांग डोकावत असते. तो कूड. त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवीत नाही.

आजचा धागा त्या काठ्यांविषयी आहे. घरच्या माणसांनी, घरच्या हातांनी, जवळजवळ एक पैसाही न मोडता बांधलेल्या घराविषयी, त्यामागच्या परसबागेविषयी आणि त्या काठ्यांवरून झालेल्या एका दीर्घ भांडणाविषयी.

३)
आधी एक प्रश्न. नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्या आहेत : गाई, घोडे, कार्षापणे, सारे आकड्यांनिशी. राजाने काय दिले हे दोन हजार वर्षांनी आपल्याला वाचता येते. त्याच काळात घाटाखाली राहणाऱ्या कुटुंबाने घर कशाचे बांधले, दारामागे काय पेरले, हे कुठे लिहिले आहे?

कुठेही नाही. दगडावर लेख कोरायला राजाचा खजिना लागतो. काठी आणि मातीचे घर पावसाळ्यागणिक मातीला मिळते. इतिहासाच्या साधनांत गरिबाचे घर का नसते, याचे हे सर्वांत साधे उत्तर आहे.

४)
तरीही पुरावा अगदीच नाही असे नाही. घाट चढून देशावर गेलो, की पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव लागते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामातील प्रमुख नावे. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा वसाहतीचा इतिहास तिथल्या मातीने सांगितला.

५)
तिथली घरे कशी होती? ठेंगण्या मातीच्या भिंती आणि वर काठ्यांचा, मातीने लिंपलेला कूड. लाकूड तर केव्हाच कुजले. मग हे कळले कसे?

दोन खुणांवरून. पहिली, खांबांच्या खळग्या. खांब कुजला तरी त्याच्या खड्ड्यात भरलेली माती भोवतालच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची आणि पोताची राहते. अशा खळग्या जोडीत गेले की घराचा आराखडा उभा राहतो. दुसरी खूण अधिक सुंदर आहे. जिथे घराला आग लागते, तिथे गिलाव्याची माती भाजून विटेसारखी टणक होते आणि तिच्या आतल्या बाजूवर काठ्यांचे ठसे कायमचे उमटून राहतात. घर जळाले म्हणून घराचा पुरावा उरला.

६)
इनामगावात मातीचे गोल ओटेही सापडले. त्यांचा अर्थ लावताना संशोधकांना ग्रंथ चाळावे लागले नाहीत; महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात डोकावणे पुरेसे होते. धान्याची कणगी जमिनीच्या ओलीपासून आणि उंदरांपासून वाचवण्यासाठी अशाच ओट्यावर ठेवतात. विणलेली, शेणाने सारवलेली कणगी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूचे स्पष्टीकरण शेजारच्या घरातली आजी देऊ शकते, असे प्रसंग पुरातत्त्वात विरळा नाहीत. पण ते पाठ्यपुस्तकात क्वचितच येतात.

७)
आता परत घाटाखाली, मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात येऊ. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी येथील वस्ती. पाऊस प्रचंड, उन्हाळा कोरडा, शेती प्रामुख्याने भात आणि नागलीची. अशा मुलखात घर बांधताना दोन शत्रू असतात : चार महिन्यांचे पाणी आणि बारा महिन्यांची वाळवी.

उत्तर डोंगराने दिले. कारवी.

८)
सह्याद्रीच्या उतारांवर माणसाच्या डोक्याइतकी किंवा त्याहून उंच वाढणारी ही झुडपे वर्षानुवर्षे नुसतीच हिरवी राहतात. सात-आठ वर्षांनी एकदाच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, अख्खा उतार जांभळा-निळा होतो. मधमाश्यांची चंगळ होते. कारवीचा मध प्रसिद्धच आहे. मग बी धरते आणि झुडूप मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली असा बहर आला होता. प्रत्येक डोंगराचे वेळापत्रक निराळे असते.

पर्यटकाच्या दृष्टीने गोष्ट फुलांपाशी संपते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती तिथे सुरू होते. झुडूप मेले, की डोंगरभर सरळ, हलक्या, वाळलेल्या काठ्या उभ्या असतात. मधल्या वर्षांतही गरजेपुरती कारवी उन्हाळ्यात तोडून आणली जाते.

९)
घर उभे कसे राहते ते क्रमाने पाहू, कारण यातली अक्कल तपशिलात आहे.

प्रथम जोते. माती आणि दगड टाकून, पाणी मारून, चोपणीने चोपून उंच केलेली जागा. नंतर मेढी, म्हणजे वरच्या टोकाला बेचके असलेले लाकडी खांब. बेचके नैसर्गिक असते. झाड निवडतानाच ते पाहून निवडायचे. त्यामुळे सांध्याला खिळा लागत नाही, सुताराला मजुरी लागत नाही. मेढीच्या बेचक्यात आढे बसते, आढ्यावरून दोन्ही पाख्यांना वासे उतरतात.

लक्षात घ्या : छपराचे सारे ओझे मेढींवर आहे. भिंतीवर काहीच नाही.

१०)
म्हणून भिंत केवळ पडदा असते. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरायच्या आणि रानवेलीने किंवा सालीच्या दोरीने आवळायच्या. हा झाला कूड. एका भिंतीचा कूड अंगणात आडवा ठेवून बांधता येतो आणि मग चार माणसांनी उचलून जागेवर उभा करता येतो.

भिंत कुजली? तेवढाच कूड सोडून नवा लावा. छप्पर हलवावे लागत नाही. आजच्या अभियंत्याला हे सांगितले तर तो याला मोठे इंग्रजी नाव देईल. पाड्यावर याला दुरुस्ती म्हणतात.

११)
मग लिंपण. माती, शेण आणि भाताचे तूस. प्रत्येकाचे काम ठरलेले. माती भरीचे काम करते, पण वाळताना आकसते आणि तडकते. तूस आणि शेणातील न पचलेले तंतू तिला आतून धरून ठेवतात, त्यामुळे मोठी भेग न पडता ताण बारीक बारीक वाटला जातो. शेणाने गिलावा चिवट होतो आणि त्याला हात सफाईने फिरतो. मिश्रण कालवून काही काळ मुरू दिले, की ते अधिक चांगले चिकटते.

चुलीपाशी मात्र पुष्कळ घरांत कूड वरच्या भागात लिंपीत नाहीत. धूर जायला वाट हवी. आणि तो धूर वाया जात नाही. छपरातल्या गवताला, वाशांना, आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना तो कीड लागू देत नाही.

१२)
छप्पर गवताचे किंवा पानांचे. पुढे ऐपतीप्रमाणे कौलांचे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आगोटीची कामे. गवत चाळायचे, कौले फिरवायची, ज्या अंगाने पाऊस झोडपतो त्या भिंतीला गवताचा किंवा पानांचा झाप बांधायचा, लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्यात घ्यायच्या, इरली डागडुजी करून ठेवायची. बांबूच्या सांगाड्यात पाने बसवून केलेले इरले लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीला हे साधलेले नाही.

१३)
काठी बदलते, कूड तोच राहतो. विदर्भ-मराठवाड्यात कारवी नाही, तिथे तुराट्या आणि पऱ्हाट्या. शेंगा आणि कापूस निघाला की उरलेले खोड भिंतीला. किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप. बांबूच्या मुलखात तट्ट्या. जे पिकाने किंवा डोंगराने उरवले, त्याचे घर. महाराष्ट्राचा वनस्पतींचा नकाशा हवा असेल तर जुन्या घरांचे कूड उघडून पाहावेत.

१४)
आता घराच्या मागच्या दाराने बाहेर या. परस.

इथे मोरीचे पाणी येते. म्हणून इथे अळू आणि केळ. थोडे पुढे चार काठ्या रोवून, वर काटक्या पसरून केलेला मांडव. त्यावर काकडी, कारली, शिराळी, घोसाळी, पडवळ. पडवळ वाकडे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात. भोपळ्याचा वेल छपरावर सोडलेला. छप्पर म्हणजे फुकटचा, उन्हातला, गुराढोरांच्या तोंडापासून सुरक्षित वाफा.

कुंपण काट्याकुट्यांचे किंवा मोगली एरंडाचे. त्याची फांदी खोचली की जगते आणि त्याला गुरे तोंड लावीत नाहीत. पैसे देऊन आणलेली एकही वस्तू या बागेत नाही.

१५)
बियाणे? एक काकडी, एक दुधी वेलीवरच जून होऊ द्यायचा. तो शेजारणीलाही ठाऊक असतो आणि त्याला कोणी हात लावीत नाही. वाळल्यावर बी काढून, राखेत घोळवून, वाळक्या दुधीच्या कवचात भरून चुलीच्या वर टांगायचे. राख ओल शोषते, किड्यांना हालचाल अवघड करते. उरलेले काम धूर करतो. पुढच्या आगोटीला ज्या घरचे बी गेले असेल त्याला शेजारून मिळते.

बियाण्याची पेढी म्हणून आज ज्याचा गौरव होतो ती गोष्ट इथे कवचात टांगलेली होती. तिच्या सांभाळणाऱ्या बायकांची नावे मात्र कोणत्याही नोंदीत नाहीत.

१६)
इथवर वाचून एखाद्याला वाटेल, काय सुखाचा काळ होता. थांबा.

हे घर फुकट नव्हते. त्याची किंमत वेळात आणि शरीरात मोजली जात होती. सारवण दर काही दिवसांनी, तेही बहुधा एकाच व्यक्तीने, गुडघ्यांवर बसून. डोंगरावरून कारवीचा भारा डोक्यावर. चुलीचा धूर छपराला हितकर होता, डोळ्यांना आणि छातीला नव्हता. कुडात साप शिरत, वाळवी लागत, ठिणगीने घरे जात. काटकसरीच्या कौतुकात हा हिशेब गाळला, की इतिहासाचे रूपांतर जाहिरातीत होते.

१७)
आता भांडणाकडे येऊ. कारण काठी डोंगरावरची, आणि डोंगर कुणाचा?

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६१ पर्यंत ती शहापूर तालुक्यातून कसाऱ्याला पोहोचली, १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. इमारतींना, जळणाला लाकूड लागे. ज्या जंगलाकडे सरकारने तोवर फारसे लक्ष दिले नव्हते, ते एकाएकी मौल्यवान ठरले. १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले, १८६५ साली पहिला वनकायदा आला आणि १८७८ साली दुसरा, बराच कडक.

१८)
१८७८ च्या कायद्यामागचा वाद तरुण अभ्यासकांनी अवश्य वाचावा. प्रश्न वरकरणी शाब्दिक होता : गावकरी रानातून काठी आणतो तो त्याचा 'हक्क' की सरकारने दिलेली 'सवलत'?

बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याची भूमिका अशी की राज्याने स्पष्टपणे मान्य केलेला असेल तोच हक्क. बाकीचा सारा वहिवाटीचा वापर राज्याच्या मर्जीवर. ब्रँडिस गावाचे वन, गावाचा वापर यांना अधिक जागा द्यायला तयार होते. विजय पहिल्या भूमिकेचा झाला. हक्क काढून घ्यायला भरपाई द्यावी लागते. सवलत काढून घ्यायला एक आदेश पुरतो.

१९)
कायद्याने जंगलाचे वर्ग केले. राखीव वनात, जे स्पष्ट परवानगीने चालते तेवढेच चालते. संरक्षित वनात, जे स्पष्टपणे मना केले आहे ते सोडून बाकी चालते. वर्गीकरणाच्या या एका रेषेवर घराचा कूड, शेताचा राब, चुलीचे जळण आणि गुरांची चराई अवलंबून राहिली. रेषा नकाशावर काढणारे हात आणि काठी बांधणारे हात वेगळे होते.

२०)
पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ सालीच या कायद्याविरुद्ध अर्ज केला. तिचे म्हणणे आजही ताजे वाटते : गावकऱ्याला विश्वासात घेतले, रान राखण्यात त्याचा लाभ ठेवला, तर रान अधिक सहज राखले जाईल. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुले यांनीही जंगलखात्याने डोंगर-माळ आपल्या ताब्यात घेऊन शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा ठेवली नाही, या तक्रारीला आपल्या खास धारदार भाषेत वाचा फोडली. सभेतली मंडळी आणि फुले यांचे अनेक बाबतींत पटत नसे. या प्रश्नावर दोन्हीकडून तक्रार उठली, हे लक्षणीय आहे.

२१)
ठाण्यात ठिणगी पडली ती राबावरून. राब म्हणजे काय हे आजच्या शहरी वाचकाला सांगावे लागेल. भाताचे किंवा नागलीचे रोप जिथे वाढवायचे त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून जाळायचे. आगीने तणाचे बी मरते, राखेतून खत मिळते, माती भुसभुशीत होते. पाऊस पडताच पेरायचे.

या डहाळ्या राखीव झालेल्या रानातून यायच्या. वनखात्याला त्यात झाडांची हानी दिसे. शेतकऱ्याला रोप दिसे.

२२)
ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ओरड इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. ठाणे जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाला काठी, पाला, जळण किती आणि कशासाठी लागते, याविषयी सरकारदरबारी इतक्या बारकाईने चर्चा होण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग. ज्या घरांचा लेख नाही असे आपण वर म्हटले, त्यांचे ओझरते दर्शन अशा चौकश्यांच्या कागदांत होते. गरिबाचे घर दप्तरात शिरते ते बहुधा तक्रारीच्या वाटेने.

त्याच दशकात, १८८२ साली, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर दोन भागांत प्रसिद्ध झाले. मुरबाड आणि शहापूर दोन्ही त्यात आहेत. गॅझेटियर आणि आयोगाचे कागद शेजारी ठेवून वाचावेत. एकात वर्णन आहे, दुसऱ्यात घर्षण.

२३)
आणखी एक दुवा. डॉ. व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानातील शेती तपासायला बोलावले गेले. त्यांचा अहवाल १८९३ सालचा. त्यांनी सरकारला बजावलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणाने नव्हे, जळणाचे लाकूड मिळत नाही म्हणून. लाकूड द्या, शेण शेतात जाईल. यासाठी जळण आणि वैरणीची स्वतंत्र राखीव राने असावीत असे त्यांनी सुचवले.

घरच्या हिशेबात हे मांडून पाहा. गोठ्यातले शेण तेवढेच. ते भुईला हवे, भिंतीला हवे, कणगीला हवे, राबाला हवे, आणि लाकूड तुटले तर चुलीलाही हवे. डोंगरावर एक पाटी लागली, की घरातली पाच कामे एकमेकांवर आदळतात.

२४)
शहापूरचा आणखी एक हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. भातसाही याच तालुक्यात. मुंबईच्या नळाला शहापूरचे पाणी येते. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोरीच्या पाण्यावर अळू वाढवण्याचे जे कौतुक वर केले, ते मोरीत पाणी आले तर. एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून आणलेल्या हंड्यातला थेंबही वेलीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून या भागातली परसबाग मुख्यतः पावसाळी.

२५)
परसबागेला सरकारी प्रतिष्ठा संकटाच्या काळात मिळते असे दिसते. दुसऱ्या महायुद्धात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी घरामागे भाजी लावण्याचे आवाहन केले. पुढे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे दाखवले की सूर्यप्रकाश, पाला आणि निरीक्षण यांवर लहानशा तुकड्यातही कुटुंबाची गरज भागवता येते. घरातला काडीकचरा हीच त्यांची माती. अलीकडे 'उमेद' अभियानाने 'माझी पोषण परसबाग' मोहीम चालवली. पाड्यावरच्या बाईला यात नवीन वाटावे असे फारसे नाही. नवीन एवढेच की कोणीतरी विचारायला आले.

२६)
कूड गेला कसा? एका दिवसात नाही. कौले आली, पत्रा आला, गुरे कमी झाली म्हणजे शेण कमी झाले, मुले भिवंडी-कल्याणला कामाला गेली म्हणजे कूड उचलणारे हात कमी झाले. मग घरकुल योजना. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर.

ज्याच्या घरात रात्री पागोळ्या आत गळत होत्या, त्याला पक्की भिंत मिळाली याचा आनंद निखळ आहे. ट्रेकला आलेल्या कोणी त्याला कुडाचे माहात्म्य सांगू नये. एवढे मात्र खरे की पक्क्या घराची दुरुस्ती घरच्या हातांनी होत नाही. सिमेंटची गोणी पैशानेच येते. आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली न बसता पुष्कळ जण मागच्या जुन्या कुडाच्या पडवीत बसलेले आढळतात.

२७)
काठीच्या हक्काचे काय झाले? १९२७ चा वनकायदा १८७८ च्याच चौकटीवर उभा राहिला. बांबू हे गवत असूनही कायद्याच्या व्याख्येत ते 'झाड' होते. वनाबाहेर वाढलेल्या बांबूपुरती ही व्याख्या बदलायला २०१७ चा अध्यादेश यावा लागला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींची मानली आणि त्या यादीत बांबूबरोबर काटक्या-झुडपांचेही स्पष्ट नाव घेतले.

बेडन-पॉवेलचा 'सवलत' हा शब्द पुसून कायद्यात 'हक्क' लिहायला १२८ वर्षे लागली. दावे दाखल करणे, नकाशे जोडणे, ग्रामसभेचे ठराव करणे हे काम त्यानंतरही चालूच आहे.

२८)
कोणाला हाताने काही करून पाहायचे असेल तर घरच्या घरी एक लहानसा प्रयोग. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चांगले हलवून दिवसभर स्थिर ठेवा. खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर बसतील; आपल्या मातीत काय किती ते दिसेल. मग त्याच मातीचे तीन लहान चौकोन फळीवर थापा : एक नुसता मातीचा, एक तूस घातलेला, एक तूस आणि शेण दोन्ही घातलेला. सावलीत वाळू द्या. पहिला कसा तडकतो आणि तिसरा कसा धरून राहतो हे पाहिले, की इनामगावच्या गिलाव्याचा तुकडा संग्रहालयात वेगळ्या नजरेने पाहाल.

काठीसाठी तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या वापरा. भीमाशंकर किंवा तानसा अभयारण्यातून कारवी तोडून आणू नका. तो हक्क तिथल्या लोकांनी भांडून मिळवायचा विषय आहे, आपल्या हौसेचा नाही.

२९)
आणि नाणेघाटाला जाल तेव्हा वैशाखऱ्यात अर्धा तास अधिक ठेवा. जुना कूड दिसला तर घरच्या माणसांना विचारून छायाचित्र घ्या. काठी कोणती, बांधायला वेल कोणती, शेवटचा कूड कोणत्या वर्षी बांधला, कोणी लिंपला, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवा. लिंपणाऱ्या आजीचे नाव, तिची हरकत नसेल तर, तुमच्या वहीत लिहा.

३०)
कारवी फुलून गेल्यावर तिची बोंडे झाडावरच वाळतात. पुढच्या उन्हाळ्यात ऊन चढले की ती तडतड आवाज करीत फुटतात आणि बी उतारावर उडते. रान शांत असेल तर हा आवाज वाटेवरूनही ऐकू येतो. त्यानंतर डोंगरभर उभ्या असतात त्या वाळक्या, सरळ काठ्या. ज्या घरी अजून कुडाचा गोठा आहे, त्या घरचे लोक त्या उन्हाळ्यात कोयता घेऊन वर जातात, आणि पावसाच्या आत गोठ्याची एक भिंत नवी होते.